पाट्यांपासून आट्यांपर्यंत : घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचा इतिहास

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधण्याची हौस सर्वांत खोल रुजली ती ब्रिटनमध्ये. जुन्या, स्वस्त गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल काढून घ्यायचे, त्यांच्याभोवती हलकी चौकट उभी करायची आणि वर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा साज चढवायचा, असा हा उद्योग दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सुरू झाला आणि आजही चालू आहे. अशी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली तरी तिचे काम संपलेले नसते. ती जमिनीपासून किती उंच असावी, तिच्या स्प्रिंगा किती कडक असाव्यात, कोणत्या चाकावर किती भार यावा, हे सारे अजून ठरायचे असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे निर्णय अभियंत्यांनी आधीच घेतलेले असतात. घरी बांधलेल्या गाडीत ते बांधणाऱ्यालाच घ्यावे लागतात.

सस्पेन्शनकडे मुख्यतः चार कामे असतात : गाडीचे वजन तोलणे, चाकाला त्याच्या जागी धरून ठेवणे, बसलेल्या धक्क्यानंतरची उसळी शमवणे आणि गाडीची उंची ठरवणे. सुरुवातीच्या गाड्यांत ही चारही कामे बऱ्याच अंशी पोलादी पट्ट्यांच्या एकाच जुडग्यावर, म्हणजे पाट्यावर, होती. पुढच्या काळात ती एकेक करून वेगळी झाली आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र भाग आला. हौशी कारागिराच्या हाती गाडीची उंची आणि तोल आला तो या फारकतीमुळे.

ऑस्टिन सेव्हन आणि लोहाराची भट्टी

हर्बर्ट ऑस्टिन यांची ऑस्टिन सेव्हन 1922 मध्ये बाजारात आली. 1939 पर्यंत तिच्या सुमारे 2,90,000 गाड्या बनल्या, त्यामुळे वापरलेली सेव्हन थोड्या पैशांत मिळू लागली. मूळची बॉडी उतरवून त्याच चासीवर छोटी, हलकी बॉडी बसवलेल्या गाडीला तिथे ‘स्पेशल’ म्हणत. या छंदाला संघटित रूप देणारा 750 क्लब 1939 मध्ये बिल बॉडी यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. पुढे तो 750 मोटर क्लब या नावाने ओळखला गेला आणि कमी खर्चाच्या मोटारशर्यतींचे मुख्य केंद्र बनला.

सेव्हनची चासी रोमन ‘ए’ अक्षराच्या आकाराची होती. तिच्या पुढच्या टोकाला एकच आडवा पाटा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना अखंड दांड्याचा एक्सल टांगलेला असे. चासीच्या मागच्या दोन पायांतून चौथाई कमानीचे दोन पाटे मागे निघत आणि मागचा एक्सल त्यांच्या टोकांवर बसे. पाट्याला बाक जितका जास्त, तितकी गाडी उंच. गाडी खाली आणायची तर पाटे सोडवून लोहाराकडे किंवा स्प्रिंग बनवणाऱ्याकडे न्यायचे, बाक कमी करून घ्यायचा आणि पुन्हा बसवून पाहायचे, एवढाच मार्ग होता.

या खटपटीचा परिणाम उंचीपुरता मर्यादित राहत नसे. वळणावर गाडी कलली की मागच्या बाकदार पाट्यांमुळे एका बाजूचे चाक किंचित पुढे आणि दुसऱ्या बाजूचे किंचित मागे सरके. मागचा अख्खा एक्सलच थोडा वळे आणि गाडी चालकाने वळवली त्यापेक्षा जास्त वळू लागे. पाटे सपाट केले की हा दोष कमी होई. गाडी खाली आणणाऱ्यांना तिची पकडही सुधारल्याचे जाणवे, त्यामागे गुरुत्वमध्य खाली येण्याइतकाच या बदललेल्या कोनाचाही वाटा होता. स्पेशलची बॉडी मूळ बॉडीपेक्षा हलकी असल्यामुळे पाटे त्या वजनाला फार कडक ठरत आणि गाडी उंच उभी राही. मग जुडग्यातली एखादी पट्टी काढून टाकत. त्यामुळे स्प्रिंग मऊ होई, पण पट्ट्या एकमेकींवर घासून उसळी शमवण्यास जी मदत होई, तीही कमी होई. त्याची भरपाई हार्टफर्ड पद्धतीचे घर्षणाचे शॉकॲब्सॉर्बर आवळून करावी लागे. त्यांत दोन दांड्यांच्या मध्ये घर्षणाच्या चकत्या असत आणि मधला नट फिरवून घर्षण कमीजास्त करता येई. त्या काळातल्या सस्पेन्शनवर पान्याने जुळवण्यासारखी ही जवळपास एकमेव गोष्ट होती.

चिरलेला एक्सल

पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलावीत, ही कल्पना 1930 च्या दशकात जोर धरू लागली. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेले इंग्रज अभियंता मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये केलेल्या प्रयोगांनंतर 1934 च्या कॅडिलॅकसारख्या गाड्यांना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन मिळाले. ऑली यांनी मांडलेले एक सूत्र आजही वापरात आहे : पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्यात. रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागच्या टोकाची हालचाल उशिरा सुरू होते, पण तिची गती थोडी जास्त असली तर ती पुढच्या हालचालीला लवकरच गाठते आणि गाडी पुढेमागे डोलण्याऐवजी सपाट वरखाली होऊन स्थिरावते. अखंड एक्सलवर पुढच्या स्प्रिंगा इतक्या मऊ ठेवता येत नसत, कारण चाके थरथरू लागत आणि स्टिअरिंगला झटके बसत.

ब्रिटनमधल्या हौशी कारागिरांना परवडेल अशी युक्ती लेस्ली बॅलमी यांनी काढली. पुढचा एक्सल मधोमध कापायचा आणि दोन्ही अर्धे मध्यभागी बिजागरीवर बसवायचे. मूळचा आडवा पाटा तसाच राही आणि चाके स्वतंत्र होत. मात्र या रचनेत चाकाचा उभा कोन, म्हणजे कॅम्बर, थेट उंचीवर अवलंबून असतो. बिजागरीपासून चाकापर्यंतचे अंतर 600 मिलिमीटर धरले, तर गाडी 10 मिलिमीटर खाली येताच चाक जवळजवळ एक अंश आत झुकते. चिरलेल्या एक्सलच्या गाडीत उंची ठरवणे म्हणजे चाकाचा कोनच ठरवणे होते.

कॉलिन चॅपमन यांची वाटचाल याच वातावरणात सुरू झाली. त्यांनी 1948 मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली स्पेशल बांधली आणि 1952 मध्ये उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी इथे लोटस इंजिनीअरिंग सुरू केली. त्याच वर्षीच्या लोटस मार्क सहापासून कंपनी ग्राहकाला बारीक नळ्यांची जोडलेली चौकट विकू लागली. इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल ग्राहकाने बहुधा फोर्ड गाडीतून मिळवायचे. अशा शंभराहून अधिक गाड्या बनल्या.

मार्क सहाचा पुढचा एक्सल फोर्डचाच, मधोमध चिरलेला होता. पण आडवा पाटा गेला होता. त्याच्या जागी गुंडाळीची, म्हणजे कॉइल स्प्रिंग आली आणि तिच्या पोटात हायड्रॉलिक शॉकॲब्सॉर्बर बसला. मागचा एक्सल अखंडच राहिला. त्यालाही कॉइल स्प्रिंगा मिळाल्या आणि तो आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लावला गेला. कॉइल स्प्रिंग चाकाला जागी धरू शकत नाही, ती फक्त वजन तोलते. म्हणून चाक धरण्याचे काम दांड्यांकडे, उसळी शमवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरकडे आणि वजन तोलण्याचे काम स्प्रिंगकडे अशी वाटणी झाली. चॅपमन यांनी या वाटणीचा पुरेपूर उपयोग केला. त्या काळच्या स्पोर्ट्स गाड्या कडक स्प्रिंगांच्या असत; त्यांनी स्प्रिंगा मऊ ठेवल्या, चाकांना हलायला भरपूर जागा दिली आणि हालचालीला लगाम घालायचे काम शॉकॲब्सॉर्बरवर सोपवले.

करातून जन्मलेला कारागीर

ही रचना स्पर्धकांच्या वर्तुळाबाहेर पोहोचण्यामागे मोठे कारण होते कराचे. ब्रिटनमध्ये 1940 पासून खरेदी कर लागू होता. 1950 च्या दशकात मोटारींवर त्याचा दर बराच चढा होता, पण सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेल्या गाडीला तो लागत नसे. 1957 च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनाच्या सुमारास आलेली लोटस सेव्हन तयार घेतली तर 1,036 पौंडांना पडे. किट म्हणून घेतली तर 536 पौंडांत मिळे. जोडणीच्या सूचना दिल्यास सवलत जाऊ शकते, म्हणून कंपनीने गाडी सुटी करण्याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, असा किस्सा त्या वर्तुळात अजून सांगितला जातो.

करसवलतीमुळे यंत्रशाळेचा अनुभव नसलेले हजारो लोक गाडी जोडू लागले. त्यांच्या दृष्टीने लोटस सेव्हनचे पुढचे सस्पेन्शन आधीच्या गाड्यांपेक्षा सोयीचे होते. त्यात प्रत्येक चाकाला वर आणि खाली असे दोन आडवे हात होते आणि वरच्या हाताचा एक भाग म्हणून गाडीचे कलणे कमी करणारा अँटी-रोल बारच वापरलेला होता. अशा रचनेत हातांची लांबी आणि कोन नीट निवडले, तर उंचीतल्या छोट्या फरकाने चाकाचा कोन फारसा बदलत नाही. उंची आणि कॅम्बर यांची बॅलमी पद्धतीतली गाठ इथे सैल झाली.

मागच्या बाजूचे प्रश्न मात्र लांबले. 1960 च्या दुसऱ्या आवृत्तीत स्टँडर्ड कंपॅनियन या गाडीचा एक्सल वापरला आणि त्याच्या मधल्या डिफरन्शियलच्या तळाला ‘ए’ आकाराची चौकट जोडली. त्या एका जागी इतका ताण येई की आवरण वाकून तेल गळू लागे. 1968 च्या तिसऱ्या आवृत्तीत फोर्डचा एक्सल आला. 1 एप्रिल 1973 रोजी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटचा करफायदा संपला. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅम कार्सकडे गेले. केटरहॅमने 1980 च्या दशकात मागे डी डिऑन पद्धत आणली. तिच्यात डिफरन्शियल चासीला घट्ट बसवलेला असतो आणि चाके एका हलक्या नळीने जोडलेली असतात, त्यामुळे चाकांबरोबर उसळणारे वजन कमी होते.

आटे पाडलेली नळी

उंची ठरवण्याचे चौथे काम अजून स्प्रिंगकडेच होते. शॉकॲब्सॉर्बरवरची स्प्रिंगची बैठक पक्की असल्यामुळे उंची बदलायला वेगळ्या लांबीची स्प्रिंग घ्यावी लागे किंवा खाली वॉशर घालावे लागत. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर बाहेरून आटे पाडून त्यावर फिरणारी बैठक बसवली, तेव्हा हा शेवटचा बंधही सुटला. स्पर्धेच्या गाड्यांवर रुळलेली ही सोय नंतर किट-गाड्यांवर सर्रास आली. बैठक वर फिरवली की गाडीचा तो कोपरा वर येतो, खाली फिरवली की बसतो.

बैठक फिरवून स्प्रिंग कडक होते, असा समज अनेक वर्षे टिकून होता. प्रत्यक्षात गाडीचे वजन तेवढेच असल्यामुळे स्प्रिंग तेवढीच दबते. बदलते ती फक्त उंची. चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या ताकदीवर आणि ती हाताच्या कोणत्या बिंदूला जोडली आहे यावर ठरतो. हाताच्या लांबीच्या 70 टक्के अंतरावर स्प्रिंगचे खालचे टोक असेल, तर चाकापाशी मिळणारा कडकपणा स्प्रिंगच्या सुमारे निम्माच असतो, कारण गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. म्हणजे मिलिमीटरला 4 किलो ताकदीची स्प्रिंग चाकापाशी सुमारे 2 किलोची ठरते. स्प्रिंग तिरकी बसवली तर ती आणखी मऊ होते. त्याच हिशेबाने, बैठक 2 मिलिमीटर उचलली तर गाडी जवळजवळ 3 मिलिमीटर वर येते.

हे गणित सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवण्यात ॲलन स्टॅनिफोर्थ यांचा वाटा मोठा होता. मिनीच्या भागांपासून बांधलेल्या टेरापिन या स्पर्धेच्या गाडीची हकिकत त्यांनी 1969 च्या ‘हाय स्पीड, लो कॉस्ट’ या पुस्तकात सांगितली. सस्पेन्शनच्या हातांच्या रेषा कुठे मिळतात आणि गाडी कोणत्या बिंदूभोवती कलते, हे फळ्यावर दोरे ताणून शोधण्याची घरगुती पद्धतही त्यांनी लोकांपुढे ठेवली.

पुढची मोठी लाट 1996 मध्ये आली. नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या आउंडल स्कूलचे शिक्षक रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या 250 पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचे पुस्तक लिहिले. किटही न घेता, चौकोनी पोलादी नळ्या कापून चौकट स्वतःच जोडायची आणि बाकीचे भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्ट व कॉर्टिना गाड्यांमधून काढायचे, ही त्यातली कल्पना. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले आणि 750 मोटर क्लबने त्यांच्यासाठी शर्यतींची मालिका सुरू केली. 2007 मध्ये ख्रिस गिब्स यांच्या पुस्तकाने त्याच कल्पनेला फोर्ड सिएराच्या भागांची जोड दिली. चौकट घरीच जोडल्यामुळे प्रत्येक गाडीची मापे थोडी वेगळी येत. म्हणून तयार आकडे उतरवून घेण्यापेक्षा गाडी मोजून जुळवण्याची शिस्त महत्त्वाची ठरली.

जुळवणीचा क्रम

या शिस्तीचा क्रम अनुभवातून पक्का होत गेला. आधी सपाट जमीन, ठरलेला हवेचा दाब आणि टाकीत ठरलेले इंधन. मग चालकाच्या जागी त्याच्या वजनाएवढी पोती. सुमारे 500 किलोच्या गाडीत चालकाचे वजन दुर्लक्ष करण्याजोगे नसते. त्यातले 60 किलो मागच्या चाकांवर आले आणि प्रत्येक चाकापाशी मिलिमीटरला 2 किलो कडकपणा असला, तर मागची बाजू 15 मिलिमीटर खाली बसते. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजत नाहीत, कारण टायर जमिनीवर आडवे अडकून ती उंच धरून ठेवतात. तिला पुढेमागे ढकलून, दाबून बसू द्यावे लागते.

उंचीची खालची मर्यादा बहुतेक वेळा इंजिनाचा ऑइल चेंबर ठरवतो. जुन्या गाड्यांमधून काढलेली फोर्डची इंजिने मुळात उंच गाड्यांसाठी बनलेली. लोटस सेव्हनसारख्या बुटक्या गाडीत त्यांचा चेंबर चासीच्याही खाली लोंबतो. वरची मर्यादा हातांच्या कोनावरून येते. पुढचे खालचे हात जवळपास आडवे आणि मागचा पॅनहार्ड रॉड सपाट राहील अशी उंची धरतात, कारण रॉड तिरका असला तर चाके वरखाली होताना एक्सल आडवा सरकतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच ठेवण्याचीही पद्धत आहे.

उंची पक्की झाल्यावरच चाकांचे कोन, म्हणजे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव), कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते). आधी कोन लावून मग उंची बदलली तर सारे पुन्हा करावे लागते. त्यानंतर स्प्रिंग काढून चाक हाताने वरखाली करून ते आपोआप वळते का, हे पाहतात. स्टिअरिंगची रॅक चुकीच्या उंचीवर असेल, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी दिशा बदलते. याला बंप स्टिअर म्हणतात आणि रॅकखाली पातळ पत्रे घालून किंवा काढून ते कमी करतात.

शेवटी चाकांवरचा भार. एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखी गाडीही समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर जास्त टेकू शकते, पण स्प्रिंगांमुळे ती डुगडुगत नाही आणि दोष दिसत नाही. चार वजनकाट्यांवर तो कळतो. काटे महाग म्हणून अनेकांनी न्हाणीघरातला काटा आणि फळीची तरफ वापरून हे काम भागवले. समजा, चालकासह 600 किलोच्या गाडीत पुढे डावीकडे 145, उजवीकडे 135, मागे डावीकडे 155 आणि उजवीकडे 165 किलो आले. पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून 310, तर दुसरी जोडी 290. अशी गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळत नाही. पुढच्या उजव्या कोपऱ्याची बैठक उचलली की त्या कोपऱ्यावरचा आणि मागच्या डाव्यावरचा भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. पुढे 140-140 आणि मागे 160-160 झाले की दोन्ही जोड्या 300 वर येतात. एका बाजूचे किंवा पुढच्या टोकाचे एकूण वजन मात्र बैठक कितीही फिरवली तरी बदलत नाही. त्यासाठी बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते. उंची फार ढळू नये म्हणून बदल एकाच कोपऱ्यावर न करता चारही ठिकाणी थोडा थोडा वाटून देतात.

तपासणीचे नियम

1998 मध्ये ब्रिटनने किट-गाड्यांसाठी एकेका वाहनाची मंजुरी तपासणी सक्तीची केली. 2009 मध्ये तिची जागा वैयक्तिक वाहन मंजुरीने घेतली. या तपासणीत वळवून सोडलेले स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याकडे वळते का, हे पाहतात. पुढचे टोक हलके असल्याने लोटस सेव्हनसारख्या गाड्या इथे अडखळत, म्हणून कॅस्टर वाढवण्याकडे बांधणाऱ्यांचे लक्ष गेले. दिव्यांच्या किमान उंचीच्या नियमामुळे गाडी किती खाली बसवायची, यालाही कायद्याची मर्यादा आली.

1998 मध्येच ब्रिटनमध्ये फॉर्म्युला स्टुडंट ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. मूळच्या अमेरिकी स्पर्धेच्या धर्तीवर तिच्या नियमांत चाकाला सुमारे 50 मिलिमीटर हलायला जागा असलीच पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे सस्पेन्शन नुसते नावापुरते ठेवण्याची वाट बंद झाली. मुंबईच्या आयआयटीचा संघ स्वतः बांधलेली विजेवरची गाडी घेऊन याच स्पर्धेसाठी सिल्व्हरस्टोनला गेला आहे.

आज तयार मिळणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरवर आट्यांची बैठक आणि उसळीचा विरोध बदलणारी खुंटी या दोन्ही सोयी असतात. उंची, कोन आणि भार ठरल्यानंतरच खुंटीला हात लावतात : आधी सर्वांत मऊ बाजूला ठेवून गाडी चालवायची आणि डोलणे थांबेपर्यंत एकेक टप्पा कडक करत जायचे. नव्या स्प्रिंगा आणि रबरी बुश काही अंतर धावल्यावर थोडे बसतात. म्हणून बैठकीखालची लॉकिंग रिंग घट्ट करून गाडी काही दिवस चालवल्यावर उंची आणि चारही भार पुन्हा मोजतात आणि मगच ते आकडे गाडीच्या वहीत कायमचे नोंदवतात.